‘पुढे चाल’ : १९७४ च्या न झालेल्या अंतिम सामन्याविषयी

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे रुळला आहे : ‘पुढे चाल’. प्रतिस्पर्धी मैदानात उतरलाच नाही की समोरच्या संघाला पुढे चाल मिळते. इंग्रजी ‘वॉकओव्हर’ला दिलेला हा मराठी प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा अधिक बोलका आहे, कारण ‘पुढे’ म्हटले की दिशा आली, आणि दिशा आली की पुढे नेमके कोण गेले हा प्रश्नही आला. डेव्हिस चषक या पुरुषांच्या सांघिक टेनिस स्पर्धेच्या इतिहासात १९७४ च्या अंतिम सामन्यासमोर अशीच नोंद आहे. विजेता : दक्षिण आफ्रिका. उपविजेता : भारत. गुणसंख्या नाही, कारण सामना झाला नाही. या स्पर्धेचा अंतिम सामना न खेळता निकालात निघण्याची ती पहिलीच वेळ होती.

जे घडले त्याचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय आहे. जे घडू दिले गेले नाही, त्याचा इतिहास कसा लिहावा? लेखकाने गाळलेला मजकूर संहितेच्या अर्थाचा भाग असू शकतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. या रिकाम्या ओळीकडेही त्याच नजरेने पाहता येईल.

आधी ही ओळ ज्या चौकटीत येते ती चौकट पाहू. डेव्हिस चषक १९०० साली सुरू झाला. देश वाढत गेले, तेव्हा १९२३ पासून स्पर्धेचे युरोप आणि अमेरिका असे विभाग पडले. प्रत्येक विभागाने आपला विजेता ठरवायचा आणि त्या विजेत्यांनी पुढे आपसांत लढायचे, अशी ही पात्रता फेरीची रचना. नाव भौगोलिक, पण व्यवहार भूगोलाला फारसा धरून नव्हता. १९२१ साली पहिल्यांदा या स्पर्धेत उतरून पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असे हरवणारा भारत पुढे विभागणीनंतर युरोप विभागात खेळत असे. साम्राज्याचे मार्ग जिथून जात, तिथूनच टेनिसचे मार्ग जात होते. आशियाई देशांसाठी पूर्व विभाग आला तो १९५० च्या दशकात, म्हणजे वसाहतींची स्वातंत्र्ये पदरात पडल्यावर. पुढे यालाच आशिया-ओशनिया विभाग म्हटले जाऊ लागले.

१९७४ साली हा नकाशा आणखी विचित्र होता. वर्णद्वेषी धोरणामुळे काही वर्षे स्पर्धेबाहेर ठेवलेल्या दक्षिण आफ्रिकेला पुन्हा प्रवेश मिळाला होता, तो अमेरिका विभागात. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकावरचा देश टेनिसपुरता अटलांटिकच्या पलीकडे नेऊन बसवला गेला. विभाग ही प्रशासनाची सोय असते असे आपण मानतो; पण कोणाशी कोणाची गाठ पडू द्यायची नाही, हेही विभाग ठरवतात. तरीही विभागीय फेऱ्या संपल्यावर ही गाठ पडणे अटळ होते, आणि ती पडली थेट अंतिम सामन्यात.

भारताचा तिथपर्यंतचा प्रवास सोपा नव्हता. पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत समोर ऑस्ट्रेलिया होता, आदल्याच वर्षीचा विजेता. लेव्हर किंवा न्यूकोम्ब त्या संघात नव्हते हे खरे. पण जॉन अलेक्झांडर आणि कॉलिन डिबली होते. १९७४ च्या मे महिन्यात कलकत्त्याला ही लढत झाली. डेव्हिस चषकातील एक लढत म्हणजे तेव्हा पाच सामने असत : चार एकेरी, एक दुहेरी. त्या काळी या स्पर्धेत टायब्रेकर नव्हता, त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच जाई. आनंद आणि विजय अमृतराज या बंधूंनी जिंकलेला दुहेरीचा एकटा सामनाच ९९ गेमचा झाला, आणि पाच सामने मिळून ३२७ गेम खेळले गेले. एका लढतीतील सर्वाधिक गेमचा तो विक्रम ठरला. भारत ३-२ असा जिंकला. त्या महिन्याच्या ८ तारखेला देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला होता आणि १८ तारखेला पोखरणची अणुचाचणी झाली. इतक्या गदारोळात टेनिसची बातमी वाचकांच्या मनात किती काळ टिकली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्यानंतरचा मुक्काम महाराष्ट्रात होता. सप्टेंबर १९७४ मध्ये पुण्यात उपांत्य लढत झाली, सोव्हिएत संघाविरुद्ध. भारताने ती ३-१ अशी जिंकली. विजय अमृतराज तेव्हा वीस वर्षांचा होता. विम्बल्डन आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी त्याने आदल्याच वर्षी गाठली होती. आनंद बावीस वर्षांचा. १९६६ नंतर भारत प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. १९६६ च्या मेलबर्नच्या लढतीत ऑस्ट्रेलियासमोर जिंकण्याची आशा बेताचीच होती. या वेळी मात्र चषक हाताच्या अंतरावर होता. दुसऱ्या उपांत्य लढतीत दक्षिण आफ्रिकेने इटलीला हरवले, आणि भारताने जाहीर केले की आम्ही खेळणार नाही.

या नकारामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास उभा होता, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान पुण्याचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला. पुढे ऑक्टोबर १९१२ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते दक्षिण आफ्रिकेला गेले. करारातून मुक्त झालेल्या हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द व्हावा, यासाठी त्यांनी बोथा आणि स्मट्स यांची भेट घेतली. कर रद्द होईल असा विश्वास घेऊन ते परतले; प्रत्यक्षात तो रद्द होण्यासाठी १९१३ चा मोठा सत्याग्रह व्हावा लागला आणि १९१४ उजाडले.

या दौऱ्यातील एक हकिगत गांधीजींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवली आहे. जोहान्सबर्गला हिंदी लोकांच्या सभेत गोखल्यांनी कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न आला. श्रोत्यांत काही कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू होते. गांधीजींनी सुचवले : आपण मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गोखल्यांना या दुभाष्याच्या मराठीविषयी शंका होती. पण ते मराठीत बोलले, आणि नंतरही त्यांनी तोच परिपाठ ठेवला. वर्णद्वेषाविरुद्धचा आवाज जोहान्सबर्गमध्ये एके काळी मराठीत उमटला होता, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत फारसे येत नाही. बासष्ट वर्षांनी दक्षिण आफ्रिकेला नकार गेला तो गोखल्यांच्याच पुण्यात लढत जिंकून पात्र ठरलेल्या संघाच्या वतीने. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नाही. परंतु धोरणाची परंपरा मात्र सलग आहे. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी संबंध तोडले आणि तेथील हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७४ चा नकार त्याच धोरणाचा पुढचा टप्पा होता.

आता या नकारावरचे आक्षेप. पहिला आक्षेप असा, की त्याग केला कोणी? निर्णय सरकारी धोरणाचा आणि टेनिस संघटनेचा. किंमत मोजली खेळाडूंनी. भारताने हा चषक आजवर जिंकलेला नाही. १९६६, १९७४ आणि १९८७ अशी तीन उपविजेतेपदे तेवढी पदरी आहेत. आक्षेप खोटा नाही. विजय अमृतराज यांनी पुढे हुकलेल्या संधीची हळहळही बोलून दाखवली आणि निर्णय योग्य होता असेही म्हटले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने म्हणणे विसंगत वाटते. मला ते प्रामाणिक वाटते. ज्या त्यागाची हळहळ उरत नाही, त्यात काही गमावलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न खेळून वर्णद्वेषी राजवटीच्या हातात चषक आयताच नाही का दिला? मैदानात जाऊन त्यांना हरवणे हाच खरा निषेध ठरला नसता का? या प्रश्नाला त्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली गेली. कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू आर्थर ॲश याला दक्षिण आफ्रिकेने आधी व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळताच ॲश गेला, प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवायचे नाही अशी अट घालून खेळला, आणि जोहान्सबर्गच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. आपल्यासारखा माणूस मोकळेपणाने वावरताना तिथल्या लोकांना दिसावा, ही त्यामागची भूमिका होती. १९७६ मध्ये इटलीचा संघ पिनोशेच्या चिलीत अंतिम सामना खेळायला गेला. सांतियागोच्या ज्या राष्ट्रीय क्रीडासंकुलात तीन वर्षांपूर्वी राजकीय कैद्यांना डांबले होते, तिथेच ही लढत झाली. दुहेरीत पानाता आणि बेर्तोलुची लाल सदरे घालून उतरले. त्याच वर्षी सोव्हिएत संघाने मात्र चिलीशी खेळायला नकार दिला होता.

जाऊन खेळणे आणि न जाणे, दोन्हींत निषेध असू शकतो. फरक दृश्यतेचा आहे. लाल सदऱ्याचे छायाचित्र निघते. गैरहजेरीचे निघत नाही. म्हणून इटलीच्या त्या सदऱ्यांवर पुढे माहितीपट निघाला, आणि १९७४ चा भारतीय नकार यादीतल्या एका ओळीपुरता उरला. पण एका खेळाडूचा धाडसी प्रवेश आणि एका राष्ट्राचा सहभाग यांचे वजन सारखे नसते. आंतरराष्ट्रीय क्रीडासंबंध चालू राहणे म्हणजे ‘आमचे सगळे सुरळीत आहे’ असे प्रशस्तिपत्रच त्या राजवटीला मिळत होते. १९७४ च्या चषकाने ते मिळाले नाही : दक्षिण आफ्रिकेचे ते एकमेव विजेतेपद आहे, आणि त्याचा उल्लेख भारताच्या नकाराशिवाय करताच येत नाही. पुढे त्या देशाला स्पर्धेतून पुन्हा वगळण्यात आले आणि परत येण्यासाठी १९९० च्या दशकाची वाट पाहावी लागली.

तिसरा आक्षेप आपल्या भाषेतच दडलेला आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाने तो टाळू नये. ‘अपार्थाइड’ला आपण वर्णद्वेष किंवा वर्णभेद म्हणतो. ‘वर्ण’ म्हणजे रंग, आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातलाही वर्ण. परदेशातल्या अन्यायाला नाव देताना मराठीने घरातलाच शब्द वापरला. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या महाविद्यालयांत आपण दलित साहित्य शिकवतो, तेव्हा १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले हे आवर्जून सांगतो. त्याच १९७४ सालच्या जानेवारीत वरळीला दंगल झाली आणि पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव मारला गेला. पँथरने काळ्या माणसाचे नाते आपल्याशी जोडले, तेव्हा त्याने ‘वर्ण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र वाचले. जोहान्सबर्गला न जाण्याचे ठरवणाऱ्या देशाने ते दोन्ही अर्थ एकत्र वाचले होते, असे म्हणवत नाही.

मग तो नकार दांभिक होता काय? तसे मानले तर जगातला कोणताही निषेध शिल्लक राहणार नाही, कारण निष्कलंक घर कोणाचेच नसते. बाहेर घेतलेली भूमिका घरातल्या अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी वापरता येते, हे खरे. पण तीच भूमिका घरातल्या अन्यायाविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरता येते. वर्णावरून माणसाला वेगळे बसवणाऱ्यांशी आम्ही खेळणार नाही, असे एकदा जगाला सांगितले की पाणवठ्यावर, वसतिगृहात, वर्गात वेगळे बसवण्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात एक साधन येते. ते साधन आपण पुरेसे वापरलेले नाही, ही तक्रार नकाराबद्दलची नाही, आपल्याबद्दलची आहे.

नेल्सन मंडेला १९७४ मध्ये रॉबेन बेटावर कैदेत होते. त्या दशकाच्या अखेरीच्या सुमारास तुरुंगाच्या चौकाला हिरवा रंग देऊन, पांढऱ्या रेषा आखून तिथे टेनिसचे मैदान करण्यात आले, आणि विद्यार्थिदशेत टेनिस खेळलेले मंडेला पुन्हा खेळू लागले, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. चषक ज्या देशाच्या नावावर लागला होता, त्याच देशाचा भावी राष्ट्राध्यक्ष तटबंदीच्या आत चेंडू टोलवत होता.

पुण्यात डेव्हिस चषक परतला तो ४३ वर्षांनी. फेब्रुवारी २०१७ मध्ये बालेवाडीला आशिया-ओशनिया विभागाच्या गट एकची लढत झाली आणि भारताने न्यूझीलंडला ४-१ असे हरवले. सगळ्यांचे लक्ष लिअँडर पेसच्या दुहेरीतील विक्रमाकडे होते. तो विक्रम त्या वेळी हुकला आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये पुरा झाला. भारताचा न खेळणारा कर्णधार होता आनंद अमृतराज, आणि कर्णधार म्हणून त्याची ती शेवटची लढत होती. १९७४ साली पुण्यात जिंकून ज्याला पुढचा सामना खेळता आला नाही, तोच हा माणूस. यादीत दक्षिण आफ्रिकेच्या नावापुढे ‘पुढे चाल’ असे लिहिलेले आहे आणि ते तसेच राहील. वर्गात ती यादी कधी समोर आली, तर चाल कोणाला मिळाली हे वाचून दाखवावे, आणि पुढे कोण गेले हे विद्यार्थ्यांना विचारावे.