रुग्णालयें आणि अग्निभय

आग लागली म्हणजे पळावें, हें शहाणपण मनुष्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्याच्या मोडलेल्या पायाला फळी बांधली आहे, ज्याच्या पोटावर सकाळींच शस्त्रक्रिया झाली आहे, जो गुंगीच्या औषधानें निजला आहे, किंवा ज्याला जन्मून दोन दिवसहि झाले नाहींत, त्यानें काय करावें? घर, नाटकगृह आणि गिरणी यांच्यासाठीं केलेले अग्निरक्षणाचे नियम एका गृहीतावर उभे असतात; तें गृहीत हें कीं, वाट मोकळी ठेवली म्हणजे माणूस आपल्या पायांनीं बाहेर पडेल. रुग्णालयाच्या उंबरठ्याशीं हें गृहीत कोसळतें. तेथें रुग्णाचे पाय म्हणजे परिचारिका, वॉर्डबॉय, आया आणि रात्रपाळीचा पहारेकरी. ही साधी गोष्ट ध्यानांत येण्यास जगाला फार काळ लागला, आणि तिची किंमत बहुतेक वेळां निजलेल्या माणसांनीं मोजली.

या इतिहासाचा आरंभ पॅरिस शहरांत करणें सोयीचें आहे. तेथें सीन नदीच्या कांठीं, नोत्र-दामच्या प्रार्थनामंदिराशेजारीं, ओतेल-द्यू नांवाचें पुरातन रुग्णालय होतें. गोरगरिबांना तेथें मज्जाव नसे. त्यामुळें गर्दी इतकी होई कीं, एकेका खाटेवर चार-चार, प्रसंगीं सहा-सहा रुग्ण निजविले जात. दालनाला लागून दालन आणि दालनावर दालन, अशी ती रचना होती. १७३७ सालीं या वास्तूला एकदां आग लागून गेली होती. १७७२ च्या डिसेंबरांत, २९ तारखेच्या रात्रीं, ती पुन्हां लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. एका खाटेवरील चार आजाऱ्यांपैकीं एकालाहि उठवत नसतां कोणी कोणाला उचलावें, हा प्रश्न त्या रात्रीं कोणालाच सुटण्यासारखा नव्हता.

आगीनंतर तें रुग्णालय होतें तेथेंच बांधावें कीं अन्यत्र न्यावें, याचा वाद बरींच वर्षें चालला. अखेर १७८५ सालीं फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें एक समिति नेमली. लाव्हाझिए, लाप्लास आणि कूलों यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि झाक तनों नांवाचा शस्त्रवैद्य तींत होते. तनों आणि कूलों यांनीं इंग्लंडला जाऊन तेथील रुग्णालयें पाहिलीं. प्लिमथजवळच्या स्टोनहाउस येथील आरमारी रुग्णालयाची रचना त्यांना विशेष भावली. तेथें एक अवाढव्य इमारत नसून सुट्यासुट्या इमारतींची रांग होती. एकाच छपराखालीं हजारों रुग्ण कोंबूं नयेत, मोकळ्या जागेनें एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या इमारती बांधाव्या, या मताला या पाहणीनें बळ आलें. तनोंचा पॅरिसच्या रुग्णालयांवरील ग्रंथ १७८८ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढील वर्षीं राज्यक्रांति झाली आणि तो बेत लांबणीवर पडला; परंतु १८५४ मध्यें पूर्ण झालेल्या पॅरिसच्या लारिब्वाझिएर रुग्णालयांत तीच रचना मूर्त झाली, आणि १८५९ मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें आपल्या ग्रंथांत तिचा जोरानें पुरस्कार केला.

या सुट्या इमारतींचें मुख्य प्रयोजन हवा खेळती ठेवणें हें होतें. पण त्यांतून अग्निरक्षणाचेंहि एक मोठें तत्त्व आपोआप साधलें गेलें. एका इमारतीला आग लागली तर रुग्णाला रस्त्यावर नेण्याचें कारण नव्हतें. अंगण ओलांडून शेजारच्या इमारतींत नेलें कीं तो सुरक्षित होई, आणि तेथें खाट, औषध व शुश्रूषा करणारे हातहि त्याला मिळत. दोन इमारतींमधलें अंगण हाच आगीचा अडसर होता.

विसाव्या शतकांत हें अंगण नाहींसें झालें. शहरांत जागा महाग झाली आणि वर-खालीं नेणारे पाळणे आले, तसें रुग्णालय आकाशाच्या दिशेनें वाढूं लागलें. सुट्या इमारती एकमेकींवर रचल्या गेल्या आणि त्यांच्यामध्यें जिने, नळ, हवेचे मार्ग व कचरा खालीं टाकण्याचीं उभीं भुयारें आलीं. हीं सारीं धुराचीं धुराडीं ठरूं शकतात, याचा पहिला भयंकर प्रत्यय अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरानें दिला. १५ मे १९२९ रोजीं तेथील क्लीव्हलंड क्लिनिकच्या तळघरांत सांठविलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मांनीं पेट घेतला. त्या काळच्या फिल्मा नायट्रोसेल्युलोजच्या असत. त्या जळतांना निघालेले विषारी वायु भिंतींतील पोकळ्यांतून आणि जिन्यांतून सर्व मजल्यांवर चढले. १२३ माणसें मेलीं. संस्थापकांपैकीं एक, डॉ. जॉन फिलिप्स, हेहि त्यांतच गेले. बळींपैकीं बहुतेकांना ज्वाळेनें स्पर्शहि केला नव्हता. कांहीं जण तर स्वतःच्या पायांनीं बाहेर आले, आपण वाचलों असें समजून घरीं गेले आणि कांहीं तासांनीं मरण पावले. आगीहून धूर अधिक मारतो, आणि तो जिन्यानें माणसापेक्षां लवकर चढतो, हा धडा क्लीव्हलंडनें शिकविला. त्यानंतर भडका न घेणाऱ्या फिल्मांचा वापर वाढला आणि जुन्या फिल्मांच्या सांठ्यावर कडक बंधनें आलीं.

धडा मिळाला तरी तो सर्वत्र पोंचला नाहीं. इलिनॉय राज्यांतील एफिंगम गांवीं सेंट अँथनी नांवाचें जुनें रुग्णालय होतें. ४ एप्रिल १९४९ रोजीं, मध्यरात्रीस थोडा अवकाश असतां, तेथें आग लागली. जिने उघडे होते; मळके कपडे टाकण्याची उभी नळी तळघरापासून वरपर्यंत गेलेली होती; छताला व भिंतींना सहज पेटणारें आच्छादन होतें. पाहतां पाहतां सारी वास्तु पेटली आणि ७० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. नवजात अर्भकांच्या दालनांत एक तरुण परिचारिका पाळीवर होती. तिला बाहेर पडण्यास वाव असतांहि ती बालकांना सोडून गेली नाहीं आणि त्यांच्याबरोबरच मृत्यु पावली. तिच्या निष्ठेपुढें मस्तक नमतें. परंतु कठोर सत्य असें कीं, जेथें दारें, जिने व भिंती यांनीं आपलें काम केलेलें नसतें, तेथें एकट्या परिचारिकेची निष्ठा कोणाला वांचवूं शकत नाहीं. या दुर्घटनेनंतर अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं रुग्णालयांचे नियम पुन्हां तपासून पाहिले.

तिसरा धडा त्याच देशांत हार्टफोर्ड येथें मिळाला. ८ डिसेंबर १९६१ रोजीं तेथील उंच रुग्णालयांत कचरा टाकण्याच्या उभ्या भुयारांत आग लागली आणि नवव्या मजल्यावर तिनें भुयाराबाहेर उसळी घेतली. १६ माणसें मेलीं. पण त्याच मजल्यावर ज्या खोल्यांचीं दारें वेळीं लावलीं गेलीं, त्यांतील बहुतेक रुग्ण वांचले. दार विशेष मजबूत नव्हतें. तें फक्त लावलेलें होतें. नाहींशा झालेल्या अंगणाचें काम दार करूं शकतें, हें येथें स्पष्ट दिसून आलें.

या अनुभवांतून आजची पद्धति घडली. मोठ्या रुग्णालयाचा प्रत्येक मजला आगीला ठराविक वेळ तोंड देणाऱ्या भिंतींनीं व दारांनीं विभागावा, आणि आग लागल्यास रुग्णाला प्रथम जिन्यानें खालीं न नेतां त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित भागांत न्यावें, हें तिचें सार होय. जिन्यावरून एक खाटेचा रुग्ण उतरविण्यास चार माणसें लागतात. त्याच मजल्यावर एक-दोन जणी त्याला गादीसकट ओढून दारापलीकडे नेऊं शकतात. तो भागहि धोक्यांत आला तरच पुढें खालच्या मजल्याचा विचार करावयाचा. एका अवाढव्य इमारतीच्या पोटांत तनोंच्या सुट्या इमारती पुन्हां उभ्या करण्याचाच हा प्रकार आहे.

सेवकवर्गाच्या कामाचा क्रमहि ठरलेला आहे. ज्याला आग दिसेल त्यानें जवळच्या रुग्णाला प्रथम दूर करावें आणि त्याच वेळीं इशारा द्यावा. मग त्या खोलीचें दार लावून घ्यावें. आणि आग लहान असून पाठीशीं वाट मोकळी असेल तरच ती विझविण्याचा यत्न करावा. दार लावण्यापूर्वीं बंब हातीं घेणें ही नेहमींची चूक आहे. पाळणा वापरूं नये. आगीच्या भागाचा प्राणवायु बंद करण्याची झडप कोठें आहे हें पाळीवरील प्रत्येकीस ठाऊक असावें. परंतु ती फिरविण्याचा निर्णय जबाबदार परिचारिकेचा असावा, आणि यंत्रावर श्वास घेणाऱ्यांसाठीं हातानें दाबण्याच्या पिशव्या आधीं हातीं असाव्या. उचलण्याचा क्रम ऐकणाऱ्याला निर्दय वाटतो. आगीच्या अगदीं जवळचे प्रथम. नंतर चालूं शकणारे, एकामागें एक. मग चाकांच्या खुर्चीचे. आणि शेवटीं अंथरुणाला खिळलेले. ज्याला सर्वांत अधिक गरज तो शेवटीं कां? कारण चालणारे दहा जण दोन मिनिटांत पलीकडे जातात आणि मग सगळे हात एका खाटेसाठीं मोकळे होतात. शेवटीं दारापलीकडे माथीं मोजावयाचीं. नोंदवहींतील आंकडा आणि मोजलेला आंकडा जुळेपर्यंत काम संपलेलें नसतें.

भारतांतहि या ज्ञानाची किंमत मोजावी लागली. ९ डिसेंबर २०११ च्या पहांटे कलकत्त्याच्या ढाकुरिया भागांतील आमरी रुग्णालयाच्या तळघरांत आग लागली. तेथें ज्वालाग्राही वस्तु सांठविल्या होत्या. धूर वातानुकूलनाच्या मार्गानें वर गेला आणि कांचांनीं बंद केलेल्या दालनांत कोंडला. सुमारें ९० माणसें दगावलीं, बहुतेक गुदमरून. शेजारच्या पंचाननतला वस्तींतील तरुण धांवून आले आणि त्यांनीं अनेकांना बाहेर काढलें. केरळहून आलेल्या दोन तरुण परिचारिका आठ रुग्णांना वांचवून पुन्हां आंत गेल्या, त्या परतल्या नाहींत.

महाराष्ट्रानें २०२१ हें एकच वर्ष पाहिलें तरी पुरे. ९ जानेवारीच्या रात्रीं भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बालकांच्या विभागाला आग लागली. आंत १७ बालकें होतीं. ७ वांचलीं आणि १० गेलीं. त्याच वर्षीं एप्रिलांत विरार येथें आणि नोव्हेंबरांत तेव्हांच्या अहमदनगर येथें अतिदक्षता विभाग पेटले. करोनाच्या त्या दिवसांत प्राणवायूचा वापर अतोनात वाढला होता, यंत्रें अहोरात्र चालत होतीं आणि विजेच्या तारांवर त्यांचा भार पडत होता. जेथें हवेंत प्राणवायु अधिक, तेथें ठिणगीला वणवा होण्यास क्षणहि लागत नाहीं.

कायदा नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा असून, आगीचीं साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला वर्षांतून दोनदां, जानेवारींत आणि जुलैंत, द्यावा असें तो सांगतो. पण दाखला भिंतीवर टांगतां येतो, संवय टांगतां येत नाहीं. मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो आणि अनेक रुग्णालयांतून सराव होतात. ते बहुधा दिवसा, अधिकाऱ्यांच्या देखत होतात. ओतेल-द्यू, एफिंगम, कलकत्ता आणि भंडारा या चारहि ठिकाणीं आग रात्रीं आली, हातीं माणसें थोडीं आणि रुग्ण निजलेले असतां. म्हणून खरा सराव रात्रपाळीचा असला पाहिजे. दोन परिचारिका आणि एक आया यांनीं तीस खाटांचें दालन अंधारांत कसें रिकामें करावें, धूर अडविणारें दार दगड लावून उघडें ठेवलेलें नाहीं ना, जिन्याच्या तोंडाशीं मोडक्या खाटा रचलेल्या नाहींत ना, आणि कुलुपाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हें त्या तिघींना निजल्या रुग्णाकडे पाहतांना ठाऊक असावें.