शेअर, वायदा आणि १८६५ची मुंबई

मुंबईच्या बाजारावर संशोधन करायचं ठरवलेले बरेच विद्यार्थी एक वाटणी मनात घेऊनच पुराभिलेखागारात शिरतात: शेअर म्हणजे गुंतवणूक, वायदा म्हणजे सट्टा. आजच्या हिशेबाने ती अगदीच निराधार नाही. शेअर घेतलात की पूर्ण पैसे भरून तुम्ही कंपनीचे भागीदार होता. हवा तितके दिवस ठेवा, लाभांश मिळाला तर घ्या. वायद्यात मालकी नसते. आज ठरलेल्या भावाने पुढच्या एका तारखेला व्यवहार पुरा करायचा करार असतो. सुरुवातीला फक्त मार्जिन भरायचं, आणि दलाली सोडली तर एकाचा नफा तोच समोरच्याचा तोटा.

ही वाटणी घेऊन १८६४-६५ची कागदपत्रं उघडलीत तर मात्र फसाल.

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडच्या कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत आलेला पैसा बँका, फायनान्स कंपन्या, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या यांच्या शेअर्सकडे वळला. ‘बॅकबे रेक्लमेशन’चा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. पण हे शेअर घेतले कसे जात होते, ते बघा. त्यातले कितीतरी सौदे मुदतीचे होते: भाव आज ठरवायचा, शेअर आणि पैसे १ जुलै १८६५ला द्यायचे. घेणाऱ्याकडे पैसे नसले तरी चालत होतं, विकणाऱ्याकडे शेअर नसला तरीही. मार्जिन नाही, मध्ये हमी देणारं क्लिअरिंग हाऊस नाही. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी. म्हणजे वस्तू शेअरची, पण सौदा चक्क वायद्याचा! वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलैला साखळीतल्या एकाला पैसे देता आले नाहीत की त्याच्या मागचे सगळे अडकले. बँक ऑफ बॉम्बेने शेअर्सच्या तारणावर हात सैल सोडून कर्जं दिली होती. तिचा स्वतःचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८मध्ये ती बँक बुडाली.

कायद्यानेसुद्धा वस्तू बघितली नाही. पैजेचे करार रद्दबातल ठरवणाऱ्या १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३०खाली प्रश्न यायचा तो असा: माल किंवा शेअर खरोखर द्यायचा-घ्यायचा इरादा होता, की फक्त भावातला फरक चुकवायचा? मुंबई इलाख्यात तर १८६५च्या कायद्याने अशा पैजेच्या व्यवहारातल्या दलालीसाठीही दावा लावता येईना.

आता संशोधक म्हणून इथे सावध व्हा. पैसे बुडवू पाहणाऱ्या देणेकऱ्याला कोर्टात सगळ्यात सोयीचा बचाव कोणता? ‘साहेब, तो व्यवहार नव्हताच, सट्टा होता.’ म्हणून कोर्टाच्या कागदांत ‘सट्टा’ दिसला की ते बाजाराचं वर्णन समजू नका. आधी तो शब्द कोणाच्या तोंडी आहे ते बघा. माझ्या मते या विषयातली निम्मी गफलत इथेच होते.

शेअर रोखीचा आणि वायदा वेगळा, ही स्वच्छ वाटणीसुद्धा बरीच अलीकडची आहे. शेअर्सच्या वायदे सौद्यांवर १९६९मध्ये बंदी आली, तरी सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलण्याची बदला पद्धत २००१पर्यंत या ना त्या रूपात टिकली. निर्देशांकाचे फ्युचर्स आले ते जून २०००मध्ये.

वाचायला कुठून सुरुवात करायची? दिनशा वाच्छांचं १९१०चं इंग्रजी पुस्तक घ्या. कोसळणीच्या वेळी ते विशीत होते, लिहिलं मात्र पंचेचाळीस वर्षांनी, आणि त्यात उपदेश भरपूर आहे. शेजारी हायकोर्टाचे निकाल ठेवा. वहीत प्रत्येक सौद्यापुढे दोन रकाने करा: विकलं काय, आणि पैसे कधी द्यायचे होते. दुसरा रकाना भरायलाच जास्त वेळ लागतो.