वऱ्हाडातील व्यायामशाळा आणि मुलांचे वजन

शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या आईबापांना मुलांच्या वजनाची काळजी होती, ती वजन भरत नाही म्हणून. 1899-1900 च्या दुष्काळाने हा कापसाचा मुलूख पार खचून गेला होता. त्यातच हिवताप, पटकी आणि प्लेगच्या साथी येत होत्या. पोरे खुरटलेली असायची. अशा काळात शरीर कमावणे हे समाजाचे काम ठरले आणि गावोगावी तालमी उभ्या राहिल्या.

त्यांतली सर्वांत मोठी संस्था अमरावतीची. वैद्य बंधूंनी 1914 साली लावलेल्या रोपट्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. 1967 मध्ये मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना 2012 साली पद्मश्री मिळाली.

या परंपरेतली शिकवण्याची पद्धत मुलांच्या दृष्टीने फार मोलाची होती. व्यायाम रोज, ठरल्या वेळी आणि सगळ्यांसोबत होई. आधी सूर्यनमस्कार, मग दंड-बैठका, त्यानंतर लेझीम आणि सगळ्यांत शेवटी मल्लखांब अशा पायऱ्या असत. मल्लखांब म्हणजे एरंडेल तेल चोळलेला गुळगुळीत लाकडी खांब. त्यावर आपल्या अंगाचे सगळे वजन आपल्याच हातापायांनी तोलावे लागते, त्यामुळे अंगाने भारी मुलाला तो लगेच जमत नाही. लेझमीच्या रांगेत मात्र तो पहिल्या दिवशी उभा राहू शकतो. खो-खो आणि आट्यापाट्यांना तर साहित्यही लागत नाही. आखलेल्या रेघा आणि सवंगडी पुरतात. पळणे, वाकणे, हुलकावणी देणे यांत तासभर घाम निघतो आणि मुलाला तो व्यायाम वाटत नाही.

घरचे ताटही त्या जगण्याला साजेसे होते. कापसाच्या जोडीला ज्वारी आणि ज्वारीत तूर, असा वऱ्हाडी शेतीचा मेळ होता. त्यातून ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बेसन, अंबाडीची भाजी हे जेवण आले. दूध, तूप, बदाम हा पहिलवानाचा खुराक होता. तो दिवसभर जोर मारणाऱ्यासाठी होता. आज तोच खुराक बसून असलेल्या मुलाला लाडाने दिला, तर चरबीच वाढते.

1990 नंतर हा मेळ मोडला. सोयाबीनने ज्वारीचे रान घेतले आणि ताटात गहू, तांदूळ, तेल वाढले. शहरात शिकवणीचे तास, दुचाकी आणि मोबाइल आले. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा मुले दिवसभर घरातच राहतात. हातात वेफरचे पाकीट आणि गोड पेयाची बाटली असते. देशभरात पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होते; 2019-21 मध्ये ते 3.4 टक्क्यांवर गेले. याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटातली मुले आजही कुपोषित आहेत. एका जिल्ह्याला दोन्ही दुखणी एकदमच निस्तरायची आहेत.

मूल वाढते असते, ही लठ्ठपणाच्या उपचारातली मुख्य गोष्ट. त्यामुळे बहुतेक मुलांचे वजन घटवावे लागत नाही. ते आहे तिथे रोखून धरले आणि उंची वाढत गेली की प्रमाण आपोआप सुधारते. उपाशी ठेवल्याने वाढ खुंटते. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडून वय, उंची आणि वजन तक्त्यावर तपासून घ्यावे. उंची खुंटून वजन वाढत असेल, तर थायरॉइडसारख्या कारणांचीही तपासणी लागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोड पेये बंद, झोप पुरेशी आणि बदल साऱ्या घरासाठी एकच, हे नियम सर्वत्र मान्य आहेत. 2020 च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेत आणि शाळेभोवतीच्या 50 मीटरांत जास्त मीठ, साखर व चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. त्यांची अंमलबजावणी पालकांनी मागून घ्यावी.

‘जाड्या’ म्हणून हिणवलेले मूल मैदान सोडते आणि अधिकच खात बसते. तालमीने मुलाला हाताला धरून रांगेत उभे केले आणि पायरीपायरीने वर नेले. वऱ्हाडाची ही शिदोरी आजही उपयोगाची आहे. संध्याकाळी एक तास मैदान, रात्री सगळ्यांच्या ताटात भाकर-वरण आणि वजनावरून एकही टोमणा नाही, एवढे प्रत्येक घराने आजच सुरू करावे.