कुठं सापडलं?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी गावी मेटल डिटेक्टर घेऊन गेलो. पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या बचतीतून ऑनलाइन मागवलेला. ऑस्ट्रेलियातली माणसं लाल मातीत असंच यंत्र फिरवून सोन्याचे खडे काढतात, ते व्हिडिओ मी रात्र-रात्र बघितले होते. आमची मातीही लालच. गगनबावड्यापासून थोडं आत आमचं घर, खाली भाताची खाचरं, वर नाचणीचं वरकस रान आणि समोर गगनगड. म्हटलं, आपल्यालाही जमेल.

पहिल्या सकाळी यंत्र पावला-पावलाला वाजलं. मी उकरायचो आणि हातात जांभ्याचा दगड यायचा. दुपारपर्यंत माझ्याकडे दगडांचा ढीग, दोन खिळे आणि बैलाच्या पत्रीचा एक तुकडा एवढाच खजिना होता. आजी पडवीतून बघत होती. म्हणाली, "रान नांगरून झालं का तुझं?"

यंत्राचा दोष नव्हता. त्याच्या चकतीतल्या तारेतून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असला की त्यात उलट प्रवाह उठतात, आणि यंत्र ते ओळखून वाजतं. पण जांभा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने भरलेला दगड. तोही त्या क्षेत्राला उत्तर देतो. ऑस्ट्रेलियातले लोक अशा मातीत वेगळ्या पद्धतीची, महागडी यंत्रं वापरतात आणि आधी जमिनीशी यंत्र जुळवून घेतात, हे मला नंतर कळलं.

या यंत्राची जन्मकथाही फसलेल्या शोधाचीच आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तयार केलेलं यंत्र घेऊन आले. गोळी उजव्या बाजूला आहे असं डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं, म्हणून शोधही उजवीकडेच झाला. शिवाय गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला असं मानतात. गोळी होती डावीकडे. गारफिल्ड वाचले नाहीत.

मीही तसंच केलं होतं. सोनं आहे हे आधी ठरवलं आणि मग शोधायला निघालो. खरं तर आमच्या डोंगरात सोन्याची शीर असण्याचं कारणच नाही. सह्याद्रीचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा. जांभा हा त्याच दगडाचा पावसाने कुजून, धुऊन उरलेला चोथा. कर्नाटकातल्या हट्टी किंवा कोलारचं सोनं ज्या खडकात मिळतं, तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना. म्हणजे गगनबावड्यात सोनं सापडलंच, तर ते माणसानेच कुठून तरी आणलेलं असणार.

माणसाने ते आणलं, याचा पुरावा मात्र आहे, आणि तो घाटाच्या खालीच आहे.

आमच्याकडून दोन घाट कोकणात उतरतात, करूळ आणि भुईबावडा. भुईबावड्याच्या वाटेने खाली गेलं की खारेपाटण लागतं. तिथे शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. त्यावर शक ९३०, म्हणजे इसवी सन १००८ची नोंद आहे. तो पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचं पोंभुर्लेही त्याच मुलखातलं. शिवमंदिराला दिलेल्या दानाची नोंद त्या पटात आहे. दानात गावं आहेतच, पण त्याबरोबर परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनंही आहे. गद्याण हे तेव्हाचं सोन्याचं माप. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आमच्या घाटाच्या पायथ्याशी जहाजं येत होती आणि सोन्यात कर भरत होती.

आता विचार करा. तो ताम्रपट डिटेक्टरला काय वाटला असता? तांबं. भंगारवाल्याला? दोन-चार किलो तांबं. त्या पत्र्यांत सोन्याचा कणही नाही. तरी कोकणातल्या सोन्याबद्दल ते आपल्याला जेवढं सांगतात, तेवढं मोहरांचा हंडासुद्धा सांगू शकला नसता.

हंड्याचं नाव काढलं की आजीकडे गोष्टी सुरू होतात. गगनगड शिलाहार भोज राजाने बांधला असं मानतात. पुढे बावड्याची जहागीर पंत अमात्यांकडे आली. 'आज्ञापत्र' लिहिणाऱ्या रामचंद्रपंतांचं हे घराणं. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केलं आणि इंग्रजांनी ते मोडलं. एवढी राज्यं आली-गेली म्हटल्यावर पुरलेल्या धनाच्या गोष्टी उगवणारच. अमक्या झाडाखाली हंडा, त्यावर नाग, आणि तो दिसणार फक्त पायाळूला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला. आजोबांच्या चुलत्याने अशाच एका मांत्रिकाच्या नादी लागून जुन्या घराची जोती उकरली. धन मिळालं नाही. पावसाळ्यात भिंत तेवढी बसली. मांत्रिकाला द्यायला विकलेलं खाचर अजून आमच्याकडे परत आलेलं नाही.

आजी हे हसत सांगते, पण ही गोष्ट सगळीकडे हसण्यावारी जात नाही. गुप्तधनासाठी माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल गेली आहे. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, मौल्यवान वस्तूंच्या शोधाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रथा हा गुन्हा म्हणून वेगळा नोंदवलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला होता.

मला वाटायचं, माझं यंत्र म्हणजे विज्ञान आणि पायाळू म्हणजे अंधश्रद्धा. पण माझा प्रश्न आणि त्या मांत्रिकाचा प्रश्न एकच होता, कुठे पुरलंय? आणि सापडल्यावर दोघांनीही तेच केलं असतं. उकरून काढायचं आणि घरी न्यायचं.

चौथ्या दिवशी मी तेच केलं.

वरच्या रानातल्या बांधाशी यंत्राचा आवाज वेगळा आला. स्वच्छ, टोकदार, प्रत्येक फेरीत त्याच जागी. मी खुरप्याने उकरलं. मातीत खापऱ्या लागल्या, त्या उतारावर भिरकावल्या. मग हिरवट पडलेली, एकमेकांना चिकटलेली तीन नाणी हाताला लागली. मी धावत घरी आलो. ती सुटी केली आणि चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखी लख्ख घासली. एकावर 'श्री' आणि 'शिव' एवढी अक्षरं उमटली. शिवराई! त्या रात्री मला झोप आली नाही.

आठवड्याने ती घेऊन कोल्हापूरला माझ्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांकडे गेलो. त्यांनी नाणी हातात घेतली, पण आधी नाण्यांबद्दल काही बोलले नाहीत. विचारलं, "कुठं सापडली?"

"आमच्या रानात."

"रानात कुठं? किती खोल? सोबत काय होतं?"

मी खापऱ्यांचं सांगितलं. सर गप्प झाले. मग म्हणाले, "शिवराई महाराजांच्या काळात सुरू झाली, पण पेशवाईत आणि पुढेही पाडली जात होती. घासल्यामुळे बारीक खुणा गेल्या, आता नेमका काळ सांगणं अवघड. पण त्याहून मोठी गोष्ट खापऱ्यांची. नाणी मडक्यात असतील, तर ती कुणीतरी ठेवली होती. मडकं नसेल, तर कुणाच्या तरी कमरेच्या कशातून पडली. ठेवलेली आणि पडलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाळा."

मग ते मला टाउन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे वीतभराहून लहान, कांस्याची एक मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. तो कोल्हापुरातच, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर, १९४०च्या दशकातल्या खोदकामात मिळाला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकाडाचं थरांनुसार उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळातली विटांची घरं, वर बहमनी काळातली वस्ती. त्यामुळे आपल्याला कळतं की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातल्या वस्तू घाट चढून कोल्हापूरच्या घरांत पोचत होत्या. हाच पोसायडन एखाद्या जुन्या बाजारात सुटा मिळाला असता, तर कुणा साहेबाने विलायतेतून आणलेली शोभेची वस्तू, एवढीच त्याची ओळख राहिली असती.

याचा अर्थ हा छंदच वाईट असा नाही. ब्रिटनमध्ये १९९६ साली नवा कायदा झाला आणि १९९७ पासून छंदी लोकांना सापडलेल्या वस्तू जागेसकट नोंदवण्याची योजना सुरू झाली. आज तिथे दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे आणि अभ्यासक त्या वापरतात. यंत्र तेच, फक्त त्यासोबत वही आली.

आपल्याकडे नियम जुने आणि कडक आहेत. संरक्षित गडावर परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हक्काचा मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही त्यात ठरवून दिलेला आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत बॅटरी कशी बदलायची एवढंच होतं.

त्या संक्रांतीला मी पुन्हा गावी गेलो आणि उतारावर दोन दिवस खापऱ्या शोधल्या. एक पावसाळा मध्ये गेलेला नव्हता, तरी गुरांच्या पायांनी आणि वणव्यासाठी जाळलेल्या गवताने सगळं एक करून टाकलं होतं. सात तुकडे मिळाले. ते त्याच मडक्याचे की दुसऱ्याच कशाचे, ते मी सांगू शकत नाही. आजी माझ्याबरोबर बांधावर बसली होती. एक खापरी हातात फिरवत म्हणाली, "कुणाच्या तरी बाईनं ठेवलं असंल. भात विकून आलेलं. नवऱ्याला न सांगता."

असेलही. मला तेच हवं होतं, नाण्यांपेक्षा जास्त. आणि ते खरं की नाही हे सांगू शकणारी एकच जागा होती, जी मी खुरप्याने मोडली होती.

मग तहसील कार्यालयात द्यायला अर्ज लिहायला बसलो. गट नंबर लिहिला, बांधाची दिशा लिहिली, नाण्यांचे फोटो जोडले. खोली लिहिताना पेन थांबला. आठवायचा प्रयत्न केला. शेवटी लिहिलं : अंदाजे एक वीत.