हंगामाचा पहिला सामना

सप्टेंबर महिना उजाडला, कीं अमेरिकेंतील कॉलेजांचा फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. लाखभर प्रेक्षक मावतील अशीं तेथील कांहीं विद्यापीठांचीं प्रचंड क्रीडांगणें चित्रांतून सर्वांच्या परिचयाचीं झालीं आहेत. परंतु त्याच सुमारास, त्याच देशांतील लहान लहान गांवांत, दुसराहि एक हंगाम सुरू होत असतो. हजार-दोन हजार विद्यार्थ्यांचें एखादें कॉलेज, त्याच्या पाठीमागचें मैदान, बांकांवर बसलेले खेळाडूंचे आईबाप, गांवांतले कांहीं हौशी लोक आणि सोबतीस आलेले विद्यार्थी, एवढाच या हंगामाचा थाट. त्याची वार्ता जिल्ह्याबाहेर फारशी जात नाहीं. असें असतांहि, या खेळावर एकदां मृत्युदंडाची शिक्षा होण्याची वेळ आली असतां त्याला ज्या युक्तीनें जीवदान मिळालें, ती युक्ति नियमाप्रमाणें प्रथम खेळली गेली ती अशाच एका लहान कॉलेजच्या मैदानावर, हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत. श्रोतेहो, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकेंतला फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. नांव एकच असलें तरी आपल्याकडे जो चेंडू पायानें मारतात, तो तेथें बहुधा हातांत घेऊन पळतात, आणि पळणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी धरून भुईवर पाडतात. मात्र आरंभीं तसें नव्हतें. ता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रुन्स्विक गांवीं रट्गर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला, तो अमेरिकन कॉलेजांतला पहिला फुटबॉल सामना मानतात. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते. चेंडू हातांत घेऊन पळण्यास मनाई होती. रट्गर्सनें सहाविरुद्ध चार गोलांनीं जय मिळविला, व आठवड्याभरानें प्रिन्स्टननें आठ गोलांनीं त्याची परतफेड केली. पुढें १८७४ सालीं कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठाचे विद्यार्थी हार्वर्डला खेळावयास आले, ते रग्बीची पद्धति घेऊन आले. हार्वर्डच्या मुलांस ती आवडली, आणि तेव्हांपासून चेंडू पायाकडून हाताकडे गेला.

या रग्बीला अमेरिकन वळण लावलें तें येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यानें. १८८० सालीं त्याच्या सूचनेवरून गड्यांची संख्या अकरावर आली, आणि दोन्ही पक्षांनीं एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभें राहावयाचें व चेंडू एकाच पक्षाच्या ताब्यांत असावयाचा, असें ठरलें. १८८२ सालीं दुसरा नियम झाला. तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. कागदावर हा नियम निर्दोष होता. परंतु पांच यार्ड म्हणजे अवघे दहा हात. एवढेंच अंतर तोडावयाचें तर चपळाईची गरज काय? जाडजूड गडी एकमेकांस बिलगून एका ठिकाणीं घुसविले म्हणजे काम भागे. १८९२ सालीं हार्वर्डनें तर सर्व गड्यांची धांवती पाचरच तयार केली. ती पाचर दोन वर्षांत बंद झाली, पण तिच्यामागचें तत्त्व गेलें नाहीं. डोक्याला शिरस्त्राण घालण्याची सक्ति नव्हती. ढिगाऱ्याखालीं काय चाले तें पंचालाहि दिसत नसे.

याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. १९०५ च्या एकाच हंगामांत अठरा खेळाडू मृत्युमुखीं पडल्याचें ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्रानें मोजून प्रसिद्ध केलें. त्यांत शाळकरी मुलेंहि होतीं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे खेळाचे चाहते होते. तरी त्यांनाहि ऑक्टोबर महिन्यांत हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांना आपल्या निवासस्थानीं बोलावून समज द्यावी लागली. ज्यांना बोलावणें गेलें तीं तिन्ही मोठीं विद्यापीठें होतीं. त्यांनीं सभ्यपणें खेळण्याचें अभिवचन दिलें आणि हंगाम पूर्ववत् चालू राहिला.

त्यानंतर ता. २५ नोव्हेंबर रोजीं जें घडलें, तें मात्र शब्दांनीं निभावण्यासारखें नव्हतें. स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेज ही एक जुनी, लहान संस्था. तिचा सामना न्यूयॉर्क विद्यापीठाशीं चालला असतां हॅरॉल्ड मूर या तिच्या खेळाडूच्या डोक्याला जबर मार बसला, आणि त्याच दिवशीं तो मरण पावला. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांच्या मनाला ही गोष्ट लागली. त्यांनीं डिसेंबरमध्यें कॉलेजांची परिषद् बोलावली. प्रश्न उघड होता: हा खेळ सुधारावयाचा कीं बंद करावयाचा? महिनाअखेरच्या बैठकीस साठांहून अधिक संस्थांचे प्रतिनिधि जमले, आणि त्यांत लहान कॉलेजांचा भरणा मोठा होता. तोंपर्यंत खेळाचे नियम करण्याचा मान पूर्वेकडील थोड्याशा बड्या विद्यापीठांकडे असे. आतां त्या मानांत इतरांनाहि वांटा मिळाला. या परिषदेंतून जी संघटना १९०६ सालीं निघाली, तीच १९१० पासून एन्. सी. ए. ए. या नांवानें ओळखली जाते. कोलंबिया विद्यापीठानें मात्र तेवढी वाट न पाहतां खेळच सोडला. स्टॅन्फर्ड व कॅलिफोर्निया हीं विद्यापीठें रग्बीकडे वळलीं.

सुधारणा कोणती करावी, यावर मतें पुष्कळ होतीं. अनुभव कोणालाच नव्हता. तो घेण्यास पुढें आलीं तीं मध्य अमेरिकेंतलीं दोन लहान कॉलेजें. १९०५ च्या नाताळच्या दिवशीं कॅन्सस संस्थानांत विचिटा येथें फेअरमाउंट व वॉशबर्न या कॉलेजांनीं नव्या कल्पनांची परीक्षा पाहण्यासाठीं एक सामना खेळून दाखविला. तीन प्रयत्नांत पांचाऐवजीं दहा यार्ड सरकावयाचे, आणि चेंडू हातानें पुढें फेंकण्यास हरकत नाहीं, अशी त्यांत मुभा होती. सामना गुणांवांचून बरोबरींत सुटला. त्यानें कोणाचे डोळे दिपले नाहींत, पण सभागृहांत चाललेला वाद मैदानावर आणून पाहण्याचें श्रेय त्या दोन कॉलेजांना दिलें पाहिजे.

१९०६ च्या आरंभीं नवे नियम मंजूर झाले. दहा यार्डांची अट आली. समोरासमोरच्या रांगांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा ठेवण्याचें ठरलें. आणि चेंडू पुढें फेंकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. परंतु ही परवानगी जुन्या पिढीनें हात राखून दिली होती. फेंकलेला चेंडू कोणाच्याहि हाताला न लागतां भुईवर पडला, तर तो सरळ प्रतिपक्षाला मिळावयाचा. एवढी जोखीम असल्यावर बड्या विद्यापीठांचे मार्गदर्शक नव्या युक्तीच्या वाटेला सहसा गेले नाहींत, यांत नवल नाहीं. ज्यांचें वजन जुन्या रीतीनें जिंकून देत होतें, त्यांना नवी रीति हवी कशाला?

सेंट लुई विद्यापीठाचा मार्गदर्शक एडी कॉकम्स यानें मात्र या परवानगीचा कसून अभ्यास केला. त्या उन्हाळ्यांत तो आपल्या गड्यांना घेऊन विस्कॉन्सिन संस्थानांतील बूला सरोवराच्या कांठीं जाऊन राहिला. त्या वेळचा चेंडू आजच्यापेक्षां फुगीर असे, आणि तो हातांत नीट धरणेंहि कठीण होतें. चेंडूच्या शिवणीवर बोटें टेकवून, मनगटाला पीळ देऊन तो सोडला, तर गिरक्या घेत सरळ जातो, हें तंत्र कॉकम्सनें गड्यांकडून घटवून घेतलें. ब्रॅडबरी रॉबिन्सन नांवाचा वैद्यकीचा विद्यार्थी त्यांत विशेष तरबेज झाला.

हंगामाचा पहिला सामना बुधवार, ता. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं, तेथून जवळच असलेल्या वॉकेशा गांवीं कॅरल कॉलेजशीं ठरला होता. १८४६ सालीं स्थापन झालेलें हें कॉलेज विस्कॉन्सिन संस्थानांतलें सर्वांत जुनें, पण आकारानें लहान. सामना चालू असतां रॉबिन्सननें चेंडू पुढें फेंकला. तो आपल्या गड्यापर्यंत पोंचला नाहीं; भुईवर पडला आणि नियमाप्रमाणें कॅरलच्या स्वाधीन झाला. नव्या युगाचा पहिला प्रयत्न असा फुकट गेला. दुसरा कोणी असता तर युक्ति गुंडाळून ठेवून जुन्या धक्काबुक्कीकडे वळता. परंतु रॉबिन्सननें पुढें संधि मिळतांच पुन्हां चेंडू फेंकला. वीस यार्डांवर जॅक श्नायडर यानें तो झेलला, आणि टचडाउन झाला. सेंट लुईनें सामना बावीस विरुद्ध शून्य अशा गुणांनीं जिंकला. अमेरिकन कॉलेज-फुटबॉलमधला पहिला सनदशीर फॉरवर्ड पास तो हाच.

कॅरलच्या मुलांचें नांव या हकीकतींत पराभूत म्हणूनच येतें. पण पाहुण्यांच्या नव्या शस्त्रापुढें तयारीवांचून उभें राहण्याचा प्रसंग प्रथम त्यांच्यावर आला, आणि तो त्यांनीं पार पाडला. चार आठवड्यांनीं, ता. ३ ऑक्टोबर रोजीं, कनेक्टिकट संस्थानांतल्या वेस्लेयन या दुसऱ्या लहान कॉलेजनें बलाढ्य येलविरुद्ध हेंच हत्यार उपसलें. पूर्वेकडील लोकांनीं पाहिलेला हा आरंभींचा फॉरवर्ड पास. वेस्लेयनहि तो सामना हरलें. दुबळ्या पक्षाला नवी वाट लवकर सुचते, कारण जुन्या वाटेवर त्याच्यासाठीं पराभवच मांडून ठेवलेला असतो. सेंट लुईनें त्या वर्षीं अकराच्या अकरा सामने जिंकले. त्यांचे गुण ४०७ आणि साऱ्या प्रतिपक्षांचे मिळून ११. तरी फॉरवर्ड पासचा डंका देशभर वाजला तो १९१३ सालीं, नॉत्र दामनें लष्करी विद्यालयाचा ३५ विरुद्ध १३ असा पराभव केला तेव्हां. श्रेय बहुधा शोधणाऱ्याच्या पदरांत न पडतां गाजविणाऱ्याच्या पदरांत पडतें.

एका नियमानें मृत्यु थांबले, असें मात्र समजूं नये. १९०९ च्या हंगामांत पुन्हां पुष्कळ तरुण दगावले. तेव्हां १९१० सालीं चेंडू नेणाऱ्याला स्वकीयांनीं मागून ढकलण्यास व ओढण्यास बंदी झाली. १९१२ सालीं तीनऐवजीं चार प्रयत्न मिळूं लागले, आणि फॉरवर्ड पासवरचीं बंधनेंहि सैल झालीं. गड्यांची दाटी मोडून खेळ मैदानभर पसरला तो अशा टप्प्याटप्प्यानें.

पुढें खेळ लोकप्रिय झाला, आणि लोकप्रियतेबरोबर पैसा आला. १९१४ सालीं येलनें सत्तर हजारांचें क्रीडांगण बांधलें. इतरांनीं तोच कित्ता गिरविला. या वाटेनें जातांना कांहीं विद्यापीठांना प्रश्न पडला, कीं खेळ विद्यार्थ्यासाठीं आहे, कीं विद्यार्थी खेळासाठीं? शिकागो विद्यापीठाचा संघ एकेकाळीं देशांत अग्रेसर होता. ॲमॉस अलोंझो स्टॅग यांनीं त्याला १८९२ पासून चाळीस वर्षें घडविलें. त्याच विद्यापीठानें, रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असतां, १९३९ सालीं हा खेळ बंद केला. तीस वर्षांनीं, १९६९ सालीं, तो तेथें पुन्हां सुरू झाला, तो लहान प्रमाणावर. १९७३ सालीं एन्. सी. ए. ए. नें कॉलेजांचे तीन वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गाचा मुख्य नियम असा, कीं खेळाच्या कौशल्यासाठीं कोणालाहि शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं. या वर्गाच्या अंतिम सामन्याला स्टॅग यांचेंच नांव दिलें आहे. कॅरल, वेस्लेयन, युनियन व शिकागो या चारहि संस्था आज याच वर्गांत खेळतात. उलट, अकरा विजयांचा मानकरी सेंट लुई विद्यापीठानें १९४९ नंतर फुटबॉल कायमचा सोडला.

लहान कॉलेजांची शोधक बुद्धि मागल्या शतकाबरोबर संपली नाहीं. मिनेसोटा संस्थानांतील सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन संन्याशांच्या संस्थेंत जॉन गॅग्लिआर्डी १९५३ पासून २०१२ पर्यंत मार्गदर्शक होते. सरावाच्या वेळीं एकमेकांस पाडावयाचें नाहीं, हा त्यांचा दंडक. सराव दीड तासांत आटपे, आणि गडी त्यांना ‘कोच’ न म्हणतां नुसतें ‘जॉन’ म्हणत. अशा शिस्तीनें पोरें मऊ पडतील असें पुष्कळांना वाटे. परंतु गॅग्लिआर्डी निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या नांवावर ४८९ विजय होते. तितके कॉलेज-फुटबॉलमध्यें दुसऱ्या कोणाहि मार्गदर्शकानें मिळविलेले नव्हते. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनीं मेंदूची कायमची हानि होते, हें २००५ नंतर वैद्यकशास्त्रानें या खेळाच्या संदर्भांत पुढें मांडलें. सरावांतले धक्के वाचविण्याचें शहाणपण त्या आडगांवच्या मैदानावर त्याच्या कितीतरी आधीं आलें होतें.

लहान कॉलेजांचे सर्व हेतु निष्काम आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. फुटबॉलचा संघ काढला, कीं शंभरएक मुलगे फी भरून दाखल होतात, हा हिशेबहि कांहीं चालकांच्या मनांत असतो. खेळांतला धोका कमी झाला असला तरी सरलेला नाहीं. तथापि सप्टेंबरच्या त्या पहिल्या शनिवारीं मैदानांत उतरणाऱ्या मुलाला खेळाबद्दल मोबदला मिळत नाहीं. सोमवारीं त्याला रसायनशास्त्राच्या वर्गांत हजर राहावयाचें असतें, आणि चार वर्षांनंतर तो बहुधा शिक्षक, डॉक्टर किंवा व्यापारी होणार असतो. १९०५ सालीं मॅक्रॅकन यांच्या परिषदेपुढें खरा प्रश्न होता तो अशाच मुलाच्या जिवाचा. तो जीव सांभाळून खेळ टिकवितां येतो कीं नाहीं, याचें उत्तर पुस्तकांतल्या नियमांनीं एकदांच देऊन भागत नाहीं. दरवर्षीं हंगामाच्या पहिल्या सामन्याला, प्रत्येक मैदानावर, तें नव्यानें द्यावें लागतें.