हैदराबाद ओपनची महिला दुहेरी

हैदराबाद ओपन ही महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा 2003 ते 2005 अशी तीनच वर्षे हैदराबादेत खेळली गेली. फतेह मैदान परिसरातील टेनिस संकुलात, हार्ड कोर्टवर, फेब्रुवारीत तिचे सामने होत. महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजेच डब्ल्यूटीएच्या, तेव्हाच्या वर्गीकरणात ती चौथ्या श्रेणीत मोडत असे. मोठ्या नावांच्या खेळाडू अशा स्पर्धेकडे सहसा फिरकत नाहीत. सानिया मिर्झाच्या 2005 मधील एकेरीच्या विजेतेपदामुळे ही स्पर्धा लोकांच्या स्मरणात राहिली. परंतु टेनिसच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता, येथील दुहेरीचे मोल एकेरीहून अधिक ठरावे.

पहिल्या वर्षी रशियाची येलेना लिखोवत्सेवा व उझबेकिस्तानची इरोडा तुल्यागानोवा यांनी कुलिकोवस्काया-पुचेक जोडीला नमवून दुहेरीचे विजेतेपद मिळवले. तुल्यागानोवा त्याच वर्षी एकेरीच्याही अंतिम फेरीत होती. तेथे मात्र थायलंडच्या तामारीन तानासुगार्नने तिला हरवले.

2004 चा दुहेरीचा अंतिम सामना अधिक महत्त्वाचा. सानिया तेव्हा सतरा वर्षांची होती. आदल्या वर्षी तिने अलिसा क्लेबानोवाच्या साथीने विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद पटकावले होते आणि हैदराबादेतच भरलेल्या आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली होती. पण प्रौढ व्यावसायिक खेळाडूंत ती अजून नवखीच होती. तिची जोडीदार लिझेल ह्युबर ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, वयाने दहा वर्षांनी मोठी आणि दुहेरीत मुरलेली. दुहेरीत कोर्ट दोघींत वाटले गेल्याने धावपळ कमी होते. मात्र सर्व्हिस परतवण्यातील अचूकता, जाळ्याजवळची चपळाई आणि जोडीदाराच्या हालचालींचा अंदाज यांवर सामना फिरतो. सानियाचा जोरकस फोरहँड आणि ह्युबरची जाळ्याजवळची समज यांचा मेळ येथे जमला. अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या ली टिंग व सुन तियानतियान यांना 7-6, 6-4 असे हरवले. डब्ल्यूटीए स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारी सानिया ही पहिली भारतीय महिला ठरली, आणि हा मान तिला एकेरीच्या वर्षभर आधी दुहेरीने दिला, ही गोष्ट आजही फारशी सांगितली जात नाही.

पराभूत जोडीची पुढची कथाही तितकीच विलक्षण आहे. अवघ्या सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, ली व सुन यांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या कोंचिता मार्टिनेझ व व्हर्जिनिया रुआनो पास्कुआल यांना नमवून सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक टेनिसमधील चीनचे ते पहिलेच सुवर्ण. हे पदक घेऊन त्या 2005 मध्ये पुन्हा हैदराबादेत अंतिम फेरीपर्यंत आल्या आणि पुन्हा हरल्या! या वेळी त्यांना नमवणाऱ्या यान झी व झेंग जी या त्यांच्याच देशभगिनी होत्या. पुढल्या वर्षी यान-झेंग जोडीने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन ही दोन्ही ग्रँड स्लॅम विजेतीपदे मिळवली. सानियाने अल्योना बोंदारेन्कोला हरवून एकेरी जिंकली ती याच 2005 च्या स्पर्धेत, त्यामुळे दुहेरीचा हा निकाल झाकोळून जाणे स्वाभाविकच होते.

2006 मध्ये स्पर्धा बेंगळुरूला हलवण्यात आली. तेथील दुहेरीचे पहिले विजेतेपदही सानिया-ह्युबर यांनीच मिळवले. त्याच वर्षी कोलकात्यातही त्या विजेत्या ठरल्या. ह्युबर 2007 मध्ये दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचली. सानियाने ते स्थान मार्टिना हिंगीसच्या साथीने खेळत असताना, एप्रिल 2015 मध्ये गाठले. तोवर तिने एकेरी सोडून दिली होती. दुहेरीची एकूण 43 विजेतीपदे तिच्या नावावर आहेत. निरोपाचे प्रदर्शनीय सामने ती 5 मार्च 2023 रोजी हैदराबादेतच, लालबहादूर स्टेडियमच्या टेनिस कोर्टवर खेळली.