स्मरणरंजनाच्या पोटातली भीती : ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ एवढी लोकप्रिय का झाली?

१/२०
६ नोव्हेंबर १९८३. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले हॉकिन्स नावाचे एक काल्पनिक गाव. चार मित्र एका तळघरात दिवसभर खेळत बसतात, रात्री सायकलींवरून घराकडे निघतात आणि त्यांच्यातला बारा वर्षांचा विल बायर्स नाहीसा होतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका इथे सुरू होते. २०१६ ते २०२५ या काळात तिची पाच पर्वे आली. तिच्या अफाट लोकप्रियतेमागची कारणे इतिहासाच्या अंगाने तपासणारा हा दीर्घ थ्रेड. (कथानकातील काही तपशील ओघाने येतील.)

२/२०
आधी या लोकप्रियतेचे मोजमाप पाहू. २०२२ मधील चौथे पर्व पहिल्या २८ दिवसांत सुमारे १३५ कोटी तास पाहिले गेले, असे नेटफ्लिक्सची आकडेवारी सांगते. त्या पर्वात वापरलेले केट बुश यांचे १९८५ मधील ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणे तब्बल ३७ वर्षांनी ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. मूळ प्रकाशनाच्या वेळीही त्याला तिसऱ्या स्थानापर्यंतच मजल मारता आली होती. या यशाचे कारण बहुतेक लोक एका शब्दात सांगतात : नॉस्टॅल्जिया. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे.

३/२०
हा शब्द मुळात वैद्यकातला. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुणाने बाझल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात तो घडवला. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणाऱ्या आजाराचे हे नाव. ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, हे त्याचे ग्रीक घटक. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. मूळ शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ समजून घ्यायची तर हे दोन्ही अर्थ हाताशी हवेत.

४/२०
प्रथम रंजन. शीर्षकाची लाल, ठसठशीत अक्षरे ‘बेंगियाट’ या १९७७ मधील टंकाची. पार्श्वसंगीत जुन्या सिंथेसायझरच्या वळणाचे. आईच्या भूमिकेत विनोना रायडर, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्धीस आलेली अभिनेत्री. सायकलींवरून रात्री हिंडणारी मुले पाहताच ‘ई.टी.’ (१९८२) आठवावा आणि भिंतीपलीकडून येणारा मुलाचा आवाज ऐकताच ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२). कॅसेट, वॉकी-टॉकी, वायरचा दूरध्वनी, भिंतीवरची चित्रपटांची पोस्टरे : सारे काही जिथल्या तिथे मांडलेले.

५/२०
मात्र या मांडणीत एक गंमत आहे. मालिकेचे निर्माते मॅट आणि रॉस डफर हे जुळे भाऊ फेब्रुवारी १९८४ मध्ये जन्मले. कथा सुरू होते त्या रात्री ते या जगातच नव्हते! त्यांचे ऐंशीचे दशक प्रामुख्याने त्या काळच्या चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून त्यांच्यापर्यंत आले. म्हणजे मालिकेत दिसते ते दशक जसे होते तसे नव्हे, तर त्या दशकाने स्वतःविषयी रचलेल्या कथांमधले आहे. म्हणूनच तो काळ न जगलेल्या प्रेक्षकालाही ते परके वाटत नाही. त्या कथा त्याने कुठे ना कुठे पाहिलेल्या असतात.

६/२०
प्रत्येक पिढी मागे वळून पाहतेच. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ने १९६२ आठवले, तर १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’चा नायक १९५५ मध्ये गेला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या तिसऱ्या पर्वात, १९८५ च्या उन्हाळ्यात, पात्रे हाच चित्रपट पाहायला बसतात. आज ज्या काळाची आपल्याला ओढ वाटते, त्या काळातील माणसेही कुठल्यातरी मागच्या काळाकडे डोळे लावून होती. आयुष्याची सलगता तुटते तेव्हा अशी ओढ बळावते, असे समाजशास्त्रज्ञ फ्रेड डेव्हिस यांनी १९७९ मधील आपल्या पुस्तकात मांडले होते.

७/२०
या ओढीला योग्य वेळी योग्य माध्यमही लाभले. पंधराहून अधिक वाहिन्यांनी ही कल्पना नाकारली होती. मुलांची मालिका तरी करा, नाहीतर मुलांना वगळून पोलीसप्रमुखाची गोष्ट सांगा, असा सल्ला मिळत होता. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला प्रेक्षकाचा वयोगट आधी ठरवावा लागतो. वर्गणीवर चालणाऱ्या त्या वेळच्या नेटफ्लिक्सला मात्र संपूर्ण घर हवे होते. चाळिशीतल्या पालकांना आठवणी आणि मुलांना साहस, असे दोन्ही देणारी कथा त्यांना नेमकी उपयोगाची होती.

८/२०
जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने भारतासह सुमारे १३० नव्या देशांत एकाच वेळी प्रवेश केला. १५ जुलै २०१६ रोजी पहिल्या पर्वाचे आठही भाग एकदम उपलब्ध झाले. इंडियाना कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनीही ते त्याच आठवड्यात पाहिले. इथवर रंजनाची बाजू झाली. पण जुन्या वस्तू मांडून ठेवणाऱ्या मालिका पुष्कळ येतात आणि विस्मृतीत जातात. ही टिकली, कारण तिने त्या दशकाची भीतीही सोबत आणली.

९/२०
पहिल्या पर्वाची तारीखच पाहा. कथा ६ नोव्हेंबरला सुरू होऊन आठवडाभरात संपते. खऱ्या जगात ७ ते ११ नोव्हेंबर १९८३ या दिवसांत नाटोचा ‘एबल आर्चर’ हा युद्धसराव चालू होता. अण्वस्त्रे वापरण्याची आज्ञा कशी द्यायची, याची ती रंगीत तालीम होती. हा सराव म्हणजे खऱ्या हल्ल्याची पूर्वतयारी तर नव्हे, या शंकेने सोव्हिएत यंत्रणा सावध झाली. सामान्य अमेरिकी नागरिकाला याची गंधवार्ताही नव्हती.

१०/२०
ते वर्षच तसे होते. मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटले. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबरला अणुयुद्धानंतरचे कॅन्सस दाखवणारा ‘द डे आफ्टर’ हा दूरचित्रपट सुमारे १० कोटी अमेरिकी लोकांनी पाहिला. आपल्या परिचित गावाखाली एक उद्ध्वस्त, राखेने भरलेले, अगदी तसेच दुसरे गाव आहे, ही मालिकेतील ‘अपसाइड डाउन’ची कल्पना या पार्श्वभूमीवर पाहावी.

११/२०
दुसरी भीती सरकारी प्रयोगशाळेची. मालिकेतील ‘इलेव्हन’ ही मुलगी अशा प्रयोगांतून जन्मली असून तिच्या आईवर ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पात प्रयोग झाले होते. हा प्रकल्प काल्पनिक नाही. माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याच्या उद्देशाने सीआयएने तो १९५३ मध्ये सुरू केला. अनेकांना त्यांच्या नकळत एलएसडी देण्यात आले. १९७३ मध्ये कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेश निघाला, परंतु आर्थिक नोंदींच्या दप्तरात राहून गेलेली सुमारे २०,००० पाने १९७७ मध्ये हाती लागली आणि सिनेटपुढे सुनावणी झाली.

१२/२०
हॉकिन्समधील प्रयोगशाळेची माणसे गावकऱ्यांचे दूरध्वनी चोरून ऐकतात. २०१६ च्या प्रेक्षकाला हे जुनाट वाटणे शक्यच नव्हते. अमेरिकी पाळत यंत्रणेविषयीचे एडवर्ड स्नोडेन यांचे गौप्यस्फोट होऊन जेमतेम तीन वर्षे लोटली होती. मालिकेत ही प्रयोगशाळा ऊर्जा विभागाच्या नावाखाली चालते. ती इतकी गाजली की खुद्द अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आपल्या संकेतस्थळावर मिश्कील खुलासा प्रसिद्ध केला. जुन्या काळाच्या वेषात मालिका वर्तमानाविषयीच बोलत होती.

१३/२०
तिसरी भीती हरवलेल्या मुलांची. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा ईटन पॅट्झ शाळेच्या बसकडे जाताना बेपत्ता झाला. त्याची तारीख, २५ मे, हा १९८३ पासून अमेरिकेत बेपत्ता मुलांचा राष्ट्रीय दिवस ठरला. १९८४ च्या सुमारास दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांची छायाचित्रे छापली जाऊ लागली. सकाळी न्याहारी करणारे प्रत्येक मूल समोरच्या खोक्यावर आपल्याच वयाचा एक चेहरा पाहू लागले. विल बायर्सचे नाहीसे होणे याच वातावरणातले आहे.

१४/२०
वास्तव मात्र निराळे होते. बेपत्ता नोंदलेली बहुतेक मुले स्वतः घर सोडून गेलेली किंवा आईवडिलांच्या ताब्याच्या वादात एका पालकाने नेलेली असतात, हे ‘द डेन्व्हर पोस्ट’ने दाखवून दिले आणि त्यासाठी त्याला १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तरीही भीती उरलीच. मुलांनी दिवे लागेपर्यंत सायकलवर हिंडावे, ही मोकळीक पुढे आक्रसत गेली. ज्या मोकळ्या बालपणासाठी प्रेक्षक हळहळतो, ते संपवणारी भीती त्याच दशकात वाढली, ही यातली विसंगती.

१५/२०
चौथी भीती सैतानाची. मुलांच्या आवडीचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ चा. ऐंशीच्या दशकात त्याचा संबंध सैतानपूजेशी आणि आत्महत्यांशी जोडला गेला. १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना उभी राहिली, १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात त्यावर चर्चा झाली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेचा खटला गुप्त विधींच्या अफवांवर पोसला गेला आणि १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपला. १९८६ मध्ये घडणाऱ्या चौथ्या पर्वात एडी या तरुणामागे अख्खे गाव लागते, ते याच संशयापोटी.

१६/२०
ही भीतीही संपली नव्हती. मुलांवर अत्याचार करणारी टोळी वॉशिंग्टनमधील एका पिझ्झाच्या दुकानातून चालते, या समाजमाध्यमांवरील अफवेवर विसंबून डिसेंबर २०१६ मध्ये एक बंदूकधारी तिथे शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सुदैवाने कुणी जखमी झाले नाही. अणुयुद्ध, सरकारी गुपिते, हरवणारी मुले, संशयाने पेटलेला जमाव : यांतल्या एकाही भीतीला चेहरा नसतो. मालिकेने त्यांना राक्षसाचा देह दिला आणि त्याला हरवण्याचे काम मोठ्यांच्या जोडीने मुलांवर सोपवले. प्रेक्षकाला मिळालेला दिलासा हा होता. लोकप्रियतेचे उरलेले अर्धे उत्तर माझ्या मते इथे आहे.

१७/२०
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न : या आठवणीत कोण नाही? १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतील बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली होती आणि इंडियानाचा पोलाद पट्टा होरपळत होता. हॉकिन्समध्ये त्याची झळ पुसटच लागते. तिसऱ्या पर्वातला झगमगता मॉल जॉर्जियातील ग्विनेट प्लेस मॉलमध्ये चित्रित झाला. १९८४ मध्ये सुरू झालेला तो मॉल चित्रीकरणाच्या वेळी जवळपास ओस पडलेला होता. त्याच्या एका भागात दुकाने नव्याने सजवून १९८५ उभे करण्यात आले.

१८/२०
आणि एक खरा मुलगा. रायन व्हाइट, राहणारा इंडियानातील कोकोमोचा. जन्म डिसेंबर १९७१, म्हणजे विल बायर्सच्याच वयाचा. त्याला हिमोफिलिया होता. दूषित रक्तघटकातून त्याला एचआयव्हीची बाधा झाली आणि डिसेंबर १९८४ मध्ये एड्सचे निदान झाले. १९८५ मध्ये त्याला शाळेत येण्यास मनाई करण्यात आली. काही काळ तो घरी बसून दूरध्वनीवरून वर्ग ऐकत असे. न्यायालयीन लढाईनंतर तो शाळेत परतला, पण घराच्या खिडकीतून गोळी झाडली गेली तेव्हा कुटुंबाने गाव सोडले.

१९/२०
१९८७ मध्ये ते इंडियानातल्याच सिसेरो गावी गेले. तिथल्या शाळेने त्याचे स्वागत केले. विद्यार्थ्यांना या रोगाविषयी आधी नीट माहिती देण्यात आली होती, म्हणून ते शक्य झाले. ८ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या १८ व्या वर्षी, रायन गेला. त्याच वर्षी एड्सग्रस्तांच्या उपचारांसाठीचा कायदा त्याच्या नावाने संमत झाला. हॉकिन्सपासून नकाशावर फार दूर नसलेल्या त्या खऱ्या गावात राक्षस दुसऱ्या जगातून आला नव्हता. तो शेजाऱ्यांच्या भीतीतून आला होता आणि त्याच्याशी झगडायला सायकलवरचे तीन मित्र पुरेसे नव्हते.

२०/२०
याचा अर्थ मालिका खोटी ठरते असे नाही. तिने भीती लपवली नाही, म्हणूनच ती नुसत्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाहून सरस ठरली. पण मालिकेतली भीती शेवटी हरते. इतिहासातली भीती बहुधा नवे नाव घेऊन परतते. तेव्हा ‘किती छान होते ते दिवस’ असे कुणी म्हटले, मग ते दिवस अमेरिकेतले असोत वा आपल्या वाड्याचाळींतले, तर आनंदाने ऐकावे आणि सावकाश विचारावे : कुणासाठी? आपल्या घरातील ऐंशीच्या दशकाच्या आठवणी, आणि त्या काळातली भीतीसुद्धा, जरूर लिहा. वाचायला आवडेल. 🙏